पहा-चोहे! तोंड उघडण्याआधी मेंदू काय करतो?

(ताज्या भागाचं हे लेखी रूप. बसमध्ये इयरफोन विसरलेल्यांसाठी आणि लेक्चरमध्ये लपून वाचणाऱ्यांसाठी. बोलताना झालेले गोंधळ बहुतेक ठिकाणी दुरुस्त केलेत. एक मुद्दाम तसाच ठेवलाय, कारण आजचा विषयच तो आहे.)



मागच्या भागाच्या शेवटी मी काय म्हणाले ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलंय. रेकॉर्डिंग संपत आलं होतं, भूक लागली होती आणि मी अगदी आत्मविश्वासाने म्हणाले, "चला, आता पहा-चोहे घेऊ." आमच्या एडिटरने ते कापलं नाही, उलट दोनदा वाजवलं. त्यानंतर आठवडाभर मला "पहा-चोहे झाले का?" असे मेसेज येतायत.

हसा, हरकत नाही. पण हसून झालं की एक मिनिट विचार करा. मला "चहा-पोहे" म्हणायचं होतं. पहिला शब्द चहा, दुसरा पोहे. मग पोह्यांमधला "प" चहाच्या जागी आला कुठून? मी तर पोहे अजून म्हणालेच नव्हते! याचा अर्थ, मी "चहा" म्हणायला तोंड उघडलं तेव्हा पोह्यांचा "प" डोक्यात तयार होऊन रांगेत उभा होता. फक्त रांग चुकली.

म्हणजे आपण बोलतो तेव्हा शब्द एकामागून एक सुचत आणि निसटत जात नाहीत. पडद्यामागे मोठी तयारी चालू असते. आज त्या तयारीबद्दल बोलू.

हा विषय मी फक्त गंमत म्हणून घेतलेला नाही, हेही आधीच सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या आबांना, म्हणजे आजोबांना, स्ट्रोक आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. आबा एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर मोठ्याने बोललेला माणूस. आता पाणी मागायचं असेल तर "ता... ताणी... पा... काणी..." असं काहीतरी यायचं, मग ते चिडायचे आणि गप्प व्हायचे. भेटायला येणारे लोक त्यांच्यासमोरच म्हणायचे, "आता त्यांना काही कळत नाही हो." कोणी बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं ओरडून बोलायचं, कोणी लहान बाळाशी बोलावं तसं.

एक दिवस स्पीच थेरपिस्ट मॅडम आजीला म्हणाल्या, "शब्द हरवलेला नाहीये. शब्दाचे आवाज जुळत नाहीयेत." तेव्हा मला ते वाक्य कळलं नव्हतं. ते समजून घ्यायला मी जे वाचत गेले, तोच हा भाग.

"अगं ती दे ना, ती..."

पहिला मुद्दा: शब्द माहीत असणं आणि शब्दाचे आवाज हाताशी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे तुम्ही रोज स्वयंपाकघरात बघता. गॅसवर दूध उतू जातंय आणि आई ओरडते, "अगं ती दे ना, ती... ती... सांडशी!" आता बघा. सांडशी हा शब्द अजून आईच्या तोंडात आलेला नाही. पण "ती" आलंय. "तो" नाही, "ते" नाही. उलथनं हवं असतं तर ती म्हणाली असती, "ते दे ना, ते..." आणि झारा हवा असता तर "तो दे, तो..." म्हणजे वस्तू कोणती हे कळलंय, शब्द निवडून झालाय, त्याचं लिंगसुद्धा माहीत आहे. अडकलेत ते फक्त आवाज.

यावर इटलीत खरोखर प्रयोग झालाय. मराठीसारखंच इटालियन नामांनाही लिंग असतं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लोकांना अवघड शब्दांच्या व्याख्या सांगितल्या. ज्यांना शब्द जिभेवर आल्यासारखा वाटत होता पण सांगता येत नव्हता, त्यांना विचारलं: शब्दाचं लिंग कोणतं? नुसत्या अंदाजाने जेवढी उत्तरं बरोबर आली असती, त्यापेक्षा कितीतरी जास्त बरोबर आली. शब्द सापडत नाही, पण त्याचं व्याकरण सापडलेलं आहे!

त्याही आधी, १९६६ साली, अमेरिकेत रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅकनील या दोघांनी असाच प्रयोग केला होता. शब्द जिभेवर अडकलेल्या विद्यार्थ्यांना अर्ध्याहून अधिक वेळा त्याचं पहिलं अक्षर बरोबर सांगता आलं. शब्द किती तुकड्यांचा आहे हेही बऱ्याचदा. म्हणजे आवाजही सगळे एकदम येत नाहीत. कधीकधी अर्धेच येतात. "अरे तो नट... स वरून नाव आहे... चार अक्षरी..." हे आपण सगळेच करतो. वय वाढलं की हे जास्त होतं आणि माणसांच्या नावांच्या बाबतीत सगळ्यात जास्त. त्यामुळे मावशीने तुमचं नाव घेण्याआधी घरातल्या तीन जणांची नावं घेतली तर रागावू नका. ती तुम्हाला विसरलेली नाही.

कपाट चावीत ठेव

आता चुकांकडे येऊ. बोलताना होणाऱ्या चुका जमवणं हा भाषाशास्त्रातला जुना उद्योग आहे. व्हिएन्नात रुडॉल्फ मेरिंगर आणि कार्ल मायर यांनी १८९५ मध्येच अशा चुकांचं पुस्तक काढलं होतं. पुढे अमेरिकेत व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी लोकांच्या चुका टिपून ठेवल्या आणि १९७१ च्या एका प्रसिद्ध लेखात दाखवून दिलं की या चुका वाटेल तशा होत नाहीत. त्यांना नियम असतात. आणि त्या नियमांवरून बोलण्याचं यंत्र आतून कसं आहे याचा अंदाज बांधता येतो. बंद घड्याळ उघडल्यावरच आतली चाकं दिसतात, तसंच.

मग मीही आमच्या जुन्या भागांचं कच्चं रेकॉर्डिंग ऐकत बसले. दोन प्रकारच्या चुका सापडल्या.

पहिला प्रकार. आमचा एडिटर मला सांगत होता, "स्टुडिओची चावी कपाटात ठेव." प्रत्यक्षात म्हणाला, "कपाट चावीत ठेव." दोन अख्खे शब्द बदलले. पण नीट बघा, "त" हा प्रत्यय आपल्या जागीच राहिला! "कपाटात" हा तयार शब्द उचलून पुढे नेला असता तर तो "कपाटात चावी" असं म्हणाला असता, आणि अर्थ तोच राहिला असता. तसं झालं नाही. प्रत्यय जागेवर उभा होता, त्याच्यासमोर चुकीचं नाम येऊन बसलं, आणि मग मेंदूने त्या नव्या नामाला शोभेल असं रूप बनवलं. "चावीत." शाळेत सामान्यरूप शिकताना आपण रडलो होतो, आणि मेंदू ते चुकीच्या शब्दावरसुद्धा बिनचूक करतो.

दुसरा प्रकार म्हणजे माझे पहा-चोहे. इथे शब्द बदलले नाहीत, आवाज बदलले. पहिल्या शब्दाच्या सुरुवातीचा आवाज दुसऱ्याच्या सुरुवातीला, आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या. डाळ-भाताचं "भाळ-डात" होईल, कांदा-बटाट्याचं "बांदा-कटाटा" होईल. सुरुवातीचा आवाज सहसा सुरुवातीच्याच आवाजाशी जागा बदलतो, आणि बहुतेक वेळा शेजारपाजारच्या शब्दांमध्येच. आणखी एक गंमत. चुकतानासुद्धा भाषेचे नियम सहसा मोडत नाहीत. मराठीत "ळ" किंवा "ण" ने शब्द सुरू होत नाही. म्हणून डाळीचं "ळाड" झालेलं तुम्ही ऐकणार नाही.

म्हणजे दोन प्रकारच्या चुका दोन वेगळ्या पायऱ्यांवर होतात. वरच्या पायरीवर शब्द निवडले जातात आणि वाक्यात बसवले जातात. तिथे चूक झाली की कपाट चावीत जातं. खालच्या पायरीवर त्या शब्दांचे आवाज ओळीने लावले जातात. तिथे चूक झाली की पहा-चोहे.

आणि आपण "जीभ घसरली" म्हणतो ना, ते फारसं खरं नाही. करून बघा. ओठ घट्ट मिटा आणि मनातल्या मनात, आवाज न करता, "कच्चा पापड पक्का पापड" भराभर दहा वेळा म्हणा.

...

झालं? मनातसुद्धा अडखळलात ना? जीभ तर हललीच नव्हती. हे प्रयोगशाळेतही तपासून झालंय: मनातल्या बोलण्यातही लोक असे घसरतात. म्हणजे बऱ्याचदा गडबड जिभेची नसते, तिला मिळणाऱ्या यादीची असते.

त्या यादीवर नजर ठेवणारं कोणीतरी आत असतं, असंही दिसतं. १९७५ साली बर्नार्ड बार्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांकडून मुद्दाम अशा चुका करून घेतल्या. पडद्यावर शब्दांच्या जोड्या भराभर दाखवायच्या आणि अचानक एक मोठ्याने म्हणायला लावायची. त्यात दिसलं की अदलाबदल होऊन खरे शब्द तयार होणार असतील तर चूक जास्त वेळा बाहेर पडते, आणि निरर्थक काहीतरी तयार होणार असेल तर कमी वेळा. त्यांचा प्रयोग इंग्रजीतला, पण मराठीत समजायचं तर "खरं बोल" चं "बरं खोल" सहज निसटेल, कारण बरं आणि खोल दोन्ही खरे शब्द आहेत. निरर्थक चुका दारातच अडवल्या जातात, असा याचा एक अर्थ. तरीही आपल्या तोंडून साधारण हजार शब्दांमागे एखादी अशी चूक सुटतेच. सेकंदाला दोन-तीन शब्द या वेगाने बोलताना हे प्रमाण तसं काहीच नाही.

डोक्यातली बाराखडी

आता हे आवाज "लावले" जातात म्हणजे नेमकं काय होतं?

यावर सगळ्यात जास्त काम केलेल्यांपैकी एक म्हणजे नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या मॅक्स प्लांक संस्थेतले विलेम लेव्हेल्ट. त्यांच्या मांडणीनुसार शब्दाचे सुटे आवाज आधी बाहेर काढले जातात आणि मग बोलताबोलता त्यांचे उच्चारायचे तुकडे बांधले जातात. तुकडे म्हणजे आपण ज्याला साधारणपणे अक्षर म्हणतो ते. "पाणी" चे दोन: पा आणि णी. पण "पाण्यात" म्हणायचं झालं की तुकडे बदलतात: पाण्, यात. शब्द तोच, पण प्रत्यय लागला की पुन्हा नवी बांधणी. म्हणून तुकडे शब्दाबरोबर आधीच चिकटवून ठेवण्यात अर्थ नाही. ते ऐनवेळी बांधावे लागतात.

मग प्रत्येक तुकड्यासाठी ओठ कधी मिटायचे, जीभ कुठे टेकवायची, कंठातला आवाज कधी सुरू करायचा, हा बारीकसारीक कार्यक्रम. लेव्हेल्ट म्हणतात, जे तुकडे आपण सतत वापरतो त्यांचे कार्यक्रम मेंदू तयार करून ठेवत असावा. इंग्रजीत वेगवेगळे तुकडे हजारोंनी आहेत, पण त्यातले जेमतेम पाचशे तुकडेच बोलण्याचा सुमारे ८० टक्के भाग व्यापतात. मग ते दरवेळी नव्याने कशाला जुळवायचे? हे वाचताना मला पहिलीच्या वर्गातली भिंत आठवली. क का कि की कु कू... मुद्दाम पाठ केलेली ती बाराखडी आपण विसरूही, पण ऐकून-बोलून तयार झालेली एक बाराखडी डोक्यात असतेच.

या सगळ्याला वेळ किती लागतो? समोर मांजराचं चित्र दाखवलं आणि "मांजर" म्हणायला सांगितलं, तर आवाज सुरू व्हायला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. सेकंदाच्या निम्म्याहून थोडं जास्त. अनेक अभ्यास एकत्र करून पीटर इंडेफ्रे आणि लेव्हेल्ट यांनी त्याचा हिशोब मांडलाय. ठोकळमानाने असा:

पहिली २०० मिलिसेकंद: हे काय आहे ते ओळखणं.

पुढची ७५: योग्य शब्द निवडणं. आईची "ती" इथवर पोचलेली असते.

पुढची १८०: शब्दाचे आवाज काढणं आणि त्यांचे तुकडे बांधणं. पहा-चोहे होतात ते इथे.

उरलेली १४५: ओठ, जीभ, जबडा, कंठ यांच्यासाठीचा कार्यक्रम तयार करणं.

आणि मग आवाज. या पायऱ्या एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत आणि किती एकमेकींत मिसळतात, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. पण शब्द निवडणं आणि आवाज जुळवणं ही दोन कामं आहेत, यावर मोठं एकमत आहे.

मेंदूत डोकावून पाहिलं तेव्हा

हा सगळा तर्क झाला. प्रत्यक्ष मेंदूत काय दिसतं?

गोष्ट सुरू होते १८६१ मध्ये, पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात. तिथे लेबोर्न्य नावाचा ५१ वर्षांचा रुग्ण होता. काहीही विचारलं तरी तो एवढंच म्हणायचा: "तां, तां." म्हणून सगळे त्याला तांच म्हणायचे. डॉक्टर पॉल ब्रोका यांनी त्याला तपासलं. रुग्णालयात किती वर्षं आहेस, असं विचारल्यावर त्याने पूर्ण पंजा चार वेळा उघडून दाखवला आणि मग एक बोट. २१ वर्षं. उत्तर बरोबर होतं. काही दिवसांनी तो गेला आणि ब्रोकांना त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात, इजा झालेली दिसली. त्या भागाला आज ब्रोकाचा भाग म्हणतात.

हे मी वाचलं त्या रात्री आबांच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "आबा, तुम्ही कंडक्टर म्हणून किती वर्षं काम केलंत?" आबांनी डावा पंजा सहा वेळा उघडला. मग एक बोट. ३१. आजी दारातून म्हणाली, "बरोबर आहे की!" त्याआधीच्या दोन महिन्यांत आम्ही कोणीच त्यांना असा प्रश्न विचारला नव्हता, ज्याचं उत्तर न बोलता देता येईल.

पुढे दीडशे वर्षं बऱ्याच जणांना वाटायचं की ब्रोकाचा भाग म्हणजे बोलायचं इंजिन. आपण बोलत असतो तोवर ते चालू असणार. पण २०१५ मध्ये ॲडीन फ्लिंकर आणि सहकाऱ्यांनी वेगळंच दाखवलं. अपस्माराच्या म्हणजे फिट्सच्या उपचारासाठी ज्या रुग्णांच्या मेंदूवर आधीच इलेक्ट्रोड बसवलेले होते, त्यांना शब्द म्हणायला लावले. ब्रोकाचा भाग शब्द उच्चारण्याआधी कामात असतो, आणि प्रत्यक्ष आवाज सुरू झाला की शांत होतो! लग्नाची सगळी धावपळ करणारा मामा अक्षता पडताना मात्र मागे खुर्चीत टेकलेला असतो, तसं. त्याचं काम तयारीचं. प्रत्यक्ष ओठ-जीभ हलवायचं काम शेजारच्या भागाचं.

त्या शेजारच्या भागाची गोष्ट तर मला फारच आवडली. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एडवर्ड चँग यांच्या गटाने पाहिलं की वेगवेगळी व्यंजनं उच्चारताना तिथल्या हालचालींचे नमुने कसे असतात. व्यंजनांचे गट पडले ते ती कुठून उच्चारली जातात यानुसार. ओठांची एकीकडे, जिभेच्या पुढच्या भागाची एकीकडे, मागच्या भागाची एकीकडे. आता आपली मुळाक्षरं आठवा. क ख ग घ कंठातून. च ची ओळ टाळूपाशी. मग ट ची, मग त ची दातांपाशी, आणि प फ ब भ म ओठांवर. आपल्याकडे ही मांडणी इलेक्ट्रोडशिवाय, नुसती जिभेकडे लक्ष देऊन, हजारो वर्षांपूर्वी झाली. मेंदू इंग्रजी बोलणाऱ्यांचे होते, पण तिथला तक्ता बराचसा आपल्या पहिलीच्या पुस्तकासारखा निघाला.

आणि अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या गटाने एकेका पेशीपर्यंत मजल मारली. मेंदूच्या शस्त्रक्रियेदरम्यान जाग्या असलेल्या पाच जणांच्या संमतीने त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात केसाइतकी बारीक सुई घातली. त्या सुईवर शेकडो नोंदणी-बिंदू. ते लोक वाक्यं बोलत असताना दिसलं की काही पेशी विशिष्ट आवाजांसाठी सज्ज होतात, काही ते आवाज कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तुकड्यात येणार यासाठी. आणि हे सगळं शब्द तोंडातून निघण्याआधी! पेशींकडे बघून पुढे कोणते आवाज येणार याचा अंदाज करता येत होता. शिवाय तेच शब्द नुसते ऐकताना बहुतेक वेगळ्या पेशी कामाला लागत होत्या. म्हणजे बोलण्याची तयारी आणि ऐकून समजणं ही दोन वेगळी दुकानं आहेत, शेजारी असली तरी. एक बंद पडलं तरी दुसरं उघडं राहू शकतं.

आबांना सगळं कळायचं ते यामुळेच.

स्वतःचा आवाज उशिरा ऐकला तर?

एक छोटी गोष्ट, खास तुमच्या-माझ्यासारख्या फोनवाल्यांसाठी. कॉलवर कधीकधी आपलाच आवाज थोडा उशिरा आपल्याला ऐकू येतो. तेव्हा काय होतं? आपण ओढत बोलतो, अडखळतो, तेच अक्षर दोनदा येतं. हे १९५० च्या सुमारास बर्नार्ड ली यांनी नोंदवलं होतं, टेपवर. साधारण २०० मिलिसेकंदांचा उशीर सगळ्यात जास्त छळतो.

कारण मेंदू जिभेला हुकूम देताना कानालाही कळवतो: आता असा असा आवाज येईल. आलेला आवाज त्याच्याशी ताडून बघितला जातो. १९९८ मधल्या एका प्रयोगात लोकांना हेडफोनमधून त्यांचाच स्वर किंचित बदलून ऐकवला. हळूहळू त्यांनी आपला उच्चार उलट दिशेने वळवला, म्हणजे कानात पुन्हा बरोबर ऐकू यावं. म्हणून रेकॉर्डिंग करताना आम्ही ब्लूटूथ हेडफोन वापरत नाही, वायरचेच वापरतो. नाहीतर रोजच पहा-चोहे.

कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ...

आता पुन्हा आबांकडे.

"पाणी" म्हणता न येणारे आबा एक दिवस दुपारी खिडकीत बसून पुटपुटत होते. मी जवळ गेले. "स्वारगेट, कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ, शिरवळ, खंडाळा, भुईंज, पाचवड, सातारा." एकही आवाज चुकला नव्हता. मी अक्षरशः ओरडले. आजी धावत आली. "अहो, पुन्हा म्हणा!" आबांनी प्रयत्न केला. एकही नाव आलं नाही.

आम्हाला वाटलं, चमत्कार झाला आणि लगेच संपला. थेरपिस्ट मॅडम हसल्या. वाचाघातात हे नेहमी दिसतं म्हणाल्या. आकडे, वार, आरती, शिव्या, वर्षानुवर्षं घोकलेल्या याद्या. हे सगळं जुन्या रुळांवरून आपोआप निघतं. तिथे नव्याने शब्द निवडून नव्याने आवाज लावायचे नसतात. ठरवून एकच शब्द म्हणायचा झाला की ती पूर्ण तयारी लागते, आणि आबांची इजा नेमकी तिथे आहे. त्यामुळे "मघाशी बोललात ना, मग आता का नाही?" असं म्हणणं म्हणजे अन्याय. ते नाटक करत नसतात.

तंत्रज्ञान इथे मदत करेल का? काही जणांना करू लागलंय. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी, बोलता न येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूवर इलेक्ट्रोड बसवून, त्यांच्या बोलण्याच्या प्रयत्नातून शब्द ओळखले. एका गटात मिनिटाला ६२ शब्द, दुसऱ्यात ७८. यातल्या एका बाईंना अठरा वर्षांपूर्वी स्ट्रोक आला होता. इतक्या वर्षांनंतरही मेंदू ओठ-जिभेला हुकूम सोडतच होता! पण त्या रुग्णांमध्ये हुकूम तयार होत होते, खाली पोचत नव्हते. आबांमध्ये हुकूम तयार करणारी जागाच दुखावली आहे. त्यामुळे ते यंत्र त्यांच्यासाठी नाही, निदान आजचं तरी नाही. त्यांच्यासाठी आहे ती सरावाची वही, डाव्या हाताने ताल धरत शब्द जवळजवळ गाऊन म्हणण्याचा सराव, आणि आमचा धीर.

तुमच्या घरात कोणी असं असेल तर आम्ही चुकत चुकत शिकलेल्या चार गोष्टी सांगते. ओरडून बोलू नका, कान ठीक आहेत. हो-नाहीत किंवा बोटांनी उत्तर देता येईल असं विचारा. वाक्य त्यांच्या वतीने पूर्ण करायची घाई करू नका. आधी थांबा, आपण सहन करू शकतो त्यापेक्षा थोडं जास्त थांबा. आणि त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल ते तिथे नसल्यासारखं बोलू नका.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी, अगदी गंभीरपणे. माझ्या पहा-चोहेसारखी एखादी चूक म्हणजे काही आजार नाही. पण कोणाचं बोलणं अचानक बोबडं किंवा असंबद्ध झालं, चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात उचलेना, यातलं एकही दिसलं तरी "झोपल्यावर बरं वाटेल" म्हणू नका. १०८ ला फोन करा आणि स्ट्रोकचे उपचार होतात अशा रुग्णालयात न्या. गुठळीमुळे आलेल्या स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा, डॉक्टर आधी तेच विचारतात. आबांच्या वेळी आम्ही सकाळ होईपर्यंत थांबलो होतो. तुम्ही थांबू नका.

गेल्या रविवारी मी घरी गेले होते. आबांनी माझ्याकडे बघितलं, डाव्या हाताने मांडीवर दोनदा टिचकी मारली आणि म्हणाले, "पा... णी." मी उठायच्या आत पुन्हा टिचकी. "न... नको." मग बोट स्वयंपाकघराकडे. टिचकी. "च... हा."

त्या एका शब्दाला नऊ-दहा सेकंद लागले असतील. मध्ये कोणी बोललं नाही. आजीने मुकाट्याने आधण ठेवलं.

तर मंडळी, हा भाग ज्याला उपयोगी पडेल त्याच्यापर्यंत पोचवा. तुमच्या घरातल्या बोलण्याच्या गमती व्हॉइस नोटने पाठवा, पुढच्या भागात वाजवू. आता मात्र खरंच भूक लागलीये.

चला. चहा-पोहे!

(म्हणाले की नाही बरोबर?)